उजव्या हाताचा साचा

मुलांनो, तुमचे आजोबा घाटनांदूरला महालक्ष्म्यांचे मुखवटे करायचे. साच्यातून निघालेल्या मुखवट्यांचे डोळे तुमची मावशी रंगवायची. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले, आणि आजोबांनी एकच ध्यास घेतला: तिच्या उजव्या हाताचा साचा करून ठेवायचा.

सिलिकॉन रबर तेव्हा हैदराबादहून नुकतंच यायला लागलं होतं. पांढरं, दाट. सोबतच्या बाटलीतलं द्रव्य मिसळलं की रात्रभरात घट्ट होई आणि बोटावरची बारीक रेघसुद्धा त्यात उमटे. घट्ट झालेलं रबर हाताला इतकं मऊ लागायचं की ते अंगालाही सोसेल, असं आजोबांनी धरलं होतं.

डब्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या. मी वाचून दाखवल्या: हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, कातडीला लागू देऊ नका.

"रोज उघड्या हातानं कालवतोय मी. काय झालं मला?"

"मग बोटं कशानं सोलली हायत, आप्पा?" मावशी पडल्यापडल्या म्हणाली. "मी काय मुखवटा न्हाई. जरा जपून."

ते हसले. मग रबराचा डबा बंद करून परसात जाऊन बसले.

प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून तेही नको झालं. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेतात ती पूड अंगाला चालते, असं मला चौकशीत कळलं. ती आम्ही औरंगाबादहून मागवली. पूड आली, पण मावशी गेल्यावर चार दिवसांनी.

आपल्या लिंगायतांत पुरतात. तिला बसवलं, विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. उजवा हात मांडीवर मोकळा होता. आजोबा रबराचा डबा घेऊन आत आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "आता तर चालंल ना?"

चाललं असतं. पण विधी करणारे जंगमस्वामी येऊन बसले होते, दिवस मावळायच्या आत निघायचं होतं.

"तेवढा वेळ नाही, आप्पा," मी म्हणाले.

"रातभर ठिवू की तिला."

 तुमच्या थोरल्या मामांनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. मग आजोबा तिच्याजवळ बसले, तिचा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, आणि तिला उचलेपर्यंत तो सोडला नाही.