पारावरचं एकमत

जगात कुठंही कुणाचा आवाज दाबला जातोय असं कानावर आलं, की तो आवाज स्वतःच्या घशातून काढायला आमचे साडू निघालेच म्हणून समजा. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेली माणसं नगरात गुडघे सांभाळत बसतात. यांनी संस्था काढून हवामानबदल सांभाळायला घेतला. तोही साधासुधा नव्हे, 'वंचित घटकांच्या सहभागातून हवामानबदल'. हे शब्द ते इतक्या अभिमानानं उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हवा वंचितांनीच बिघडवली. त्यांच्या घरातही सहभागाशिवाय पान हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावावेत का, यावर त्यांनी भांडीवाल्या मावशी, दूधवाला आणि मी अशा तिघांना बसवून रीतसर चर्चा घेतली. मावशींनी एवढंच विचारलं, की पडद्यावर पाणी कोण मारणार. "फार मौलिक मुद्दा," म्हणत साडूंनी मान डोलावली आणि पडदे लावले. पाणी मावशीच मारतात. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, त्या चर्चेत नव्हती. ती आमच्यासाठी चहा करत होती.

एका लग्नात त्यांनी वाढप्यांना पहिल्या पंगतीला बसवण्याचा हट्ट धरला. वाढपी बिचारे बसले. मग वाढायचं कुणी, हे ठरलंच नव्हतं. साडू मात्र समोर उभे राहून त्यांना समावेशनाचं महत्त्व सांगत होते. भात गार झाला, वरमाय तापली, आणि शेवटी वाढप्यांनीच उठून एकमेकांना वाढलं. साडूंच्या मते तो कार्यक्रम यशस्वी झाला.

अशा माणसाच्या संस्थेला कर्जतकडच्या एका गावात टेकडी हिरवी करायचं काम मिळालं. झाडं जगवायची तर चराईबंदी हवी. जमीनवाल्यांची तक्रार नव्हती, कारण टेकडीत मुरलेलं पाणी त्यांच्याच विहिरींना उतरणार होतं. अडचण भूमिहीन बायकांची होती. त्यांची चूल शेरडांवर आणि शेरडं टेकडीवर. त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय ठराव करायचा नाही असं साडूंनी जाहीर केलं, आणि ते ऐकायला सभा ठेवली मारुतीच्या पारावर. गाडी माझी असल्यामुळे मीही गेलो.

त्या गावात सुना पारावर चढत नाहीत. पारासमोरून जायचं तर चपला काढून हातात घेतात. त्यामुळे पारावर मिशा बसल्या आणि बायका समोर शाळेच्या भिंतीला पदर ओढून उभ्या राहिल्या. साडूंनी माईकवरून त्यांना निःसंकोच बोलायला सांगितलं आणि निःसंकोच कसं बोलावं हे तासभर समजावलं. मग कुणाचा विरोध आहे का, असं विचारलं. भिंतीकडून हूं की चूं आलं नाही. साडू गहिवरले. महिलांचा मूक पाठिंबा गृहीत धरून ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि मिशांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही गाडीत बसणार तोच हिराबाई नावाची एक विधवा पुढं आली. तिच्याकडं चार शेरडं होती आणि दुसरं काही नव्हतं.

"सायेब, टेकडी बंद झाल्यावर मी शेरडं कुठं नेऊ?"

"बाई, हे सभेत सांगायचं ना."

"पारावर थोरला दीर बसल्याला. त्येंच्या म्होरं तोंड कसं उघडू?"

साडू आल्या पावली पाराकडं गेले आणि ठराव थांबवा म्हणू लागले. सरपंच पान लावत शांतपणे म्हणाले, "आता कसं, सर? एकमत हाय म्हून तुमीच माईकवर बोलला."

नगर येईपर्यंत साडू एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी नवस बोललो असतो, ती मिळाली आणि मला सोसेना.

पुढं त्यांनी त्या गावात हेलपाटे घातले, सरपंचांची मनधरणी केली, चेष्टाही ऐकून घेतली. दिवाळीनंतर दुसरी सभा लागली, यावेळी बायकांच्याच वस्तीवर, लिंबाखाली. पुरुषांना लांब बसवलं होतं. साडू मातीत मांडी घालून बसले आणि खरोखरच गप्प राहिले. बायका आधी चाचरत, मग एकमेकींना तोडत बोलल्या. ओढ्याकडचा उतार बिनजमीनवाल्यांच्या शेरडांना मोकळा ठेवायचा, असं ठरलं. सरपंचांनीही मान हलवली.

साडूंची नजर मात्र कुणाला तरी शोधत होती. हिराबाई कुठं आहे, त्यांनी विचारलं.

"तिनं शेरडं इकली की," एक बाई म्हणाली. "टोळीसंगं ऊसतोडीला गेली. आता पट्टा पडल्यावरच यायची."

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, उन्हाळा उजाडतो. मला साडूंवर हसायची सवय. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ग्रामसेवकानं ठराव लिहायला घेतला आणि विचारलं, "सर, एकमतानं मंजूर असंच लिहू ना?"

"नको," साडू म्हणाले. "एक बाई आलेली नाही."