लिफ्टवाल्यांची जुनी बंदूक

आमच्या पेंटबॉलच्या मैदानावर दर रविवारी सगळ्यांत आधी हजर कोण, तर लिफ्टवाले. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, म्हणून हे नाव. मैदान मी चालवतो, बंदुका मी भाड्याने देतो. पण यांची स्वतःची आहे. वीस वर्षांची, वजनदार, रंग उडालेली. माझ्या नव्या बंदुका जरा धूळ लागली की रुसून बसतात. हिला मी गच्चीवरून पडताना पाहिलंय. लिफ्टवाल्यांनी उचलली, पुसली आणि पहिलीच रंगाची गोळी नेमकी फोडली. माझ्या पाठीवर.

गोळी उडवणाऱ्या गॅसची टाकी जोडण्याआधी तिला चार थेंब तेल पाजायचं, नळी फडक्याने साफ करायची आणि मग बाकावर बसून राहायचं. सात जणांचा त्यांचा संघ होता. दोघे परदेशी गेले, तिघांचे गुडघे गेले, सख्खा मेहुणा दोन वर्षांपूर्वी वारला. बायको तर त्याच्याही आधी. खरं सांगतो, मला त्यांचा वैताग यायचा. माणसाने किती चिकट असावं!

"एखाद्या संघात जागा बघा ना," एवढंच त्यांचं दर रविवारी.

"अहो, पंच व्हा की! मान मिळेल."

"पंचाला कोणी आपलं म्हणत नाही हो."

गेल्या रविवारी एका ऑफिसच्या संघाला एक माणूस कमी पडला. मी लिफ्टवाल्यांना घुसवलं. "काका, जपून हं," एक जण हसला. काकांनी दहा मिनिटांत समोरचे तीन गारद केले, आणि मैदानाच्या टोकाला पिंपांमागे दबा धरून बसले.

खेळ संपल्याची शिट्टी मीच वाजवली. ऑफिसवाले जिंकले. त्यांनी फोटो काढले, कॉफी प्यायली, गाड्या काढल्या आणि गेले. मी पिंपांवरचा रंग धुवायला गेलो, तर हे तिथेच. गुडघा टेकलेला, मास्क चढवलेला, बंदूक रोखलेली.

"अहो, खेळ संपून तास झाला!"

"शिट्टी ऐकली मी. पण शेजारच्या मैदानावरचीही अशीच वाजते. म्हणून आमच्या जुन्या संघात ठरलेलं, आपल्या माणसाने हाक मारल्याशिवाय जागा सोडायची नाही."

"मग इतक्या वेळात कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. लगेच कळलं." त्यांनी मास्क काढला. "म्हटलं, गाडीत बसताना तरी डोकी मोजतील."

मी थाप मारली, "विचारत होते हो तुमचं. मीच सांगितलं, काका गेले म्हणून."

"इथून सगळं दिसतं," ते म्हणाले.

माझा मलाच राग आला. त्यांचा गुडघा आखडला होता, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि उभे राहिल्यावरही बराच वेळ सोडला नाही.