झांबेझीची पूररेषा

झांबेझी नदीच्या काठी दोन रात्री कुठे झोपायचं, हे ठरवायला आमच्या घराला चार बैठका लागल्या. आमच्याकडे लग्न एका बैठकीत जमतं! (मोडायला दोन लागतात, कारण मानपान परत करायचा असतो.)

सगळ्याचं मूळ बाळू. बाळू माझा धाकटा भाऊ. माजलगावकडच्या एका कारखान्यात साखर शिजवता शिजवता तो एके दिवशी थेट आफ्रिकेत, झांबियातल्या कारखान्यात साखर शिजवायला गेला. करपायची ती साखर कुठेही करपते, त्यामुळे त्याला तिथे परकं वाटलं नाही. यंदा त्याने फर्मान काढलं, की सगळ्यांनी यायचं, खर्च त्याचा, आणि दोन रात्री नदीकाठच्या सफारी कॅम्पवर राहायचं.

"तिथं तीन तऱ्हेच्या जागा हायेत," तो फोनवर म्हणाला. "कंची पायजे तेवढं ठरवून कळवा."

तेवढं! त्या 'तेवढं'मध्ये अख्खा उन्हाळा गेला.

आमच्या घरात काहीही ठरवायचं तर अध्यक्षस्थानी दादा असतात. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू, माजी सरपंच. माजी होऊन बराच काळ लोटला, पण कपड्यांची इस्त्री अजून विद्यमान आहे. जागा निवडण्याच्या बाबतीत त्यांचा या जगात कुणावरही विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. आमचं जुनं गाव सिंदफणेच्या काठी होतं. होतं म्हणजे अजूनही तिथेच आहे, फक्त त्याच्यावर धरणाचं पाणी आहे. आमचं घर गावाच्या टोकाला. मागच्या दाराच्या पायऱ्या उतरल्या की नदी. गाव उठलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो आणि दादांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. नव्या गावठाणात प्लॉट वाटले ते चिठ्ठ्या टाकून. आमच्या चिठ्ठीत जो निघाला त्याच्या पुढून स्मशानाची वाट जायची आणि मागे खड्डा होता. तेव्हापासून दादा देवळात चप्पल ठेवायलासुद्धा जागा पारखून घेतात.

पहिल्या बैठकीत बाळूने फोटो पाठवले. अगदी पाण्याच्या कडेला हिरवट कापडी तंबू. आत पलंग, पांढरी मच्छरदाणी, मागे उघड्यावर न्हाणी. त्याच्या वर, चढावर, गवताने शाकारलेल्या झोपड्या. आणि पार मागे, पाण्याच्या टाकीला खेटून, सिमेंटच्या चार खोल्या. त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी होत्या, पण कुणी मागितल्याच तर मिळत.

झोपडी बघून वैनी म्हणाल्या, "ही तर कोपी हाय! ऊसतोडीवाले फुकटात ऱ्हात्यात असल्या कोपीत. पैशे देऊन कावून ऱ्हायचं?"

झोपडी बाद झाली. दादांनी फोन हातात घेतला.

"नकाशा पाठव."

"कशाचा नकाशा, दादा?"

"लेआउटचा! रोडटच कंचा, कार्नरचा कंचा, कळाया नको?"

"आवो, तंबू हायेत ते. रोडच न्हाई तिथं, होडीनं जायचं."

"रोडबी न्हाई! एन.ए. तरी झालंय का?"

लगेच दादांनी पुढचा मुद्दा काढला.

"आन् पूररेषा कुठनं जाती? तंबू रेषेच्या आत हाय का भाईर, ते लिहून घे त्यांच्याकडनं. पान्याजवळ जागा घेऊन आमचं एक गाव गेलंय."

"दादा, दोन रात्री ऱ्हायचंय!"

"गाव एका रात्रीत जातं बे!"

मग दराची गोष्ट निघाली. तंबू सगळ्यांत महाग, सिमेंटची खोली सगळ्यांत स्वस्त, असं बाळूने सांगितलं. दादांनी फोन माझ्या हातात दिला. "याला इचार, ऊन लागलंय का तिकडं."

एवढा वेळ माय कोपऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वाहतं हाय का रं पानी तिथलं?"

"वाहतं हाय, माय," बाळू म्हणाला. "केवढं तरी वाहतं."

"आवाज येतो का?"

"रातभर येतो."

माय पुन्हा शेंगा फोडायला लागली. पण शेंगदाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं परातीत.

हे मला एकट्याला दिसलं असं मला वाटलं. आमच्या नव्या गावातून धरण दिसतं. पाणी भरपूर आहे, उसाला पुरतं, पुढाऱ्यांना भाषणाला पुरतं. पण माय संध्याकाळी त्या बाजूला तोंड करून बसते आणि म्हणते, "पानी हाय, पन बोलत न्हाई." जुन्या घरात ती नदीच्या आवाजावर झोपायची. ते घर सुटल्यापासून तिला झोप लागते, पण 'झोपले' असं ती कधी म्हणत नाही; "पडलते" म्हणते.

तेव्हा मी ठरवलं, मायला नदीकाठचा तंबूच मिळाला पाहिजे. मी निवृत्त भूगोल शिक्षक. झांबेझी फळ्यावर निळ्या खडूने इतक्या वेळा काढली, की डोळे मिटून काढली तरी धबधबा जागच्या जागी येतो. प्रत्यक्षात मी पाहिलेली सर्वांत मोठी नदी गोदावरी, तीही शहागडच्या पुलावरून, एसटीत उभ्याने. तेव्हा ही संधी मी सोडणार नव्हतो. चौथ्या बैठकीत मी उभा राहिलो.

"आपण नदीकाठची माणसं," मी म्हणालो. "नदीपाशी जाऊन सिमेंटच्या खोलीत झोपणं हा नदीचा अपमान आहे. माणसाच्या सगळ्या थोर संस्कृती नदीकाठी वसल्या!"

"आन् बुडाल्या कुठं?" दादांनी विचारलं.

ठराव सिमेंटच्या बाजूने झाला. वैनींनी अनुमोदन दिलं. माझी बायको सुलभा भाकरी थापायला उठली होती, तिचं मत 'हो' धरण्यात आलं. मी एकटा पडलो. पण रात्रीच्या जेवणानंतर माय माझ्याजवळ येऊन बसली. "तू बोललास बाबा. बाकी कुनाच्या ध्यानातच न्हाई. आपून दोघं शेजारी शेजारी तंबू घेऊ." त्या दिवशी माझी उंची दोन इंच वाढली.

वाचनाची सवय नसती तर ती तशीच राहिली असती. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन आफ्रिकेतल्या प्राण्यांवरचं एक जाड पुस्तक काढलं आणि पाणघोड्याच्या पानावर थांबलो. हा प्राणी दिवसभर पाण्यात डुंबतो, अंधार पडला की चरायला काठावर येतो, स्वभावाने तापट, आणि माणसांनी सिंहापेक्षा त्यालाच जास्त जपून असावं! काठावर म्हणजे कुठे? जिथे तंबू आहेत तिथे! मी ते पान तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तो काठावरच आला.

मी घरामागे जाऊन हळू आवाजात बाळूला फोन लावला.

"मायला नदीकाठचा तंबू दे. दादा काही म्हणोत."

"दिलाय कवाच. आन् तुमाला, आण्णा?"

"मला... माझ्या पाठीचं तुला माहीत आहे."

"काय झालं पाठीला?"

"कडक जमीन लागते."

"तंबूत लाकडी फळ्या हायेत की."

"लाकूड नको. सिमेंटच."

"बरं. दादाला सांगू?"

"कुणालाच सांगू नको."

"न्हाई सांगत. सध्या माझं तेच काम हाय. साखर दुसरेच शिजवत्यात."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

कॅम्पवर होडी लागली तेव्हा काठावर ढोल वाजत होते, आणि हसतमुख मंडळी ओल्या रुमालांचं तबक घेऊन उभी होती. दादांनी हा आपला जाहीर सत्कार समजला. रुमाल तोंड पुसायला असतो, हे त्यांना कुणी सांगेपर्यंत तो उपरण्यासारखा खांद्यावर गेला होता आणि आभाराचं भाषण सुरू झालं होतं. मराठीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. (आमच्याकडेही भाषणं न समजताच टाळ्या पडतात, त्यामुळे दादांना काही वेगळं जाणवलं नाही.)

मग बाळू जागा सांगायला लागला. "नदीकाठचा पहिला तंबू. दादा."

सगळे दादांकडे वळले. दादा पलीकडच्या तीरावरचं एक झाड फार बारकाईने बघत होते.

"तुमी फोन केलता?" वैनींनी विचारलं. "मला शिमेटात झोपवून तुमी एकटे तंबूत झोपनार व्हते?"

"वैनी," बाळू म्हणाला, "तुमचाबी फोन आलता."

आता वैनी झाड बघायला लागल्या.

"दुसरा तंबू मायचा," बाळू पुढे म्हणाला, आणि सुलभाने आपली पिशवी उचलली, मायशेजारी जाऊन उभी राहिली.

"तू पण?" मी म्हणालो.

"भाकरी थापताना तुमचं भाषण ऐकलं ना," सुलभा म्हणाली. "पटलं मला."

राहिलो मी. बाळूने लांब बोट दाखवलं. झाडीच्या मागे, चढावर, काळी पाण्याची टाकी दिसत होती.

"सर?" दादांना मी आनंदाच्या प्रसंगी 'सर' असतो. "आवो, भाषन तर तुमी केलतं!"

"असू द्या," माय म्हणाली. "पाठ दुखती त्याची."

दादांचं हसणं मी सहन केलं असतं. पाठीचं माझं जुनं रडगाणं खरं धरून मायने बाजू घेतली, ते फार लागलं.

दिवस बुडल्यावर कॅम्पवर कुणी एकट्याने चालायचं नाही, असा नियम होता. सोडायला जोसेफ नावाचा बंदूकवाला रखवालदार यायचा. तो यायच्या आधी मी घाईघाईने तंबूंकडे गेलो. दादा तंबूपुढच्या फळ्यांवर पाय पसरून बसले होते. इस्त्रीचा सदरा खुंटीला, अंगात नुसतं बनियन. मला हिशेब चुकता करायचा होता.

"काय दादा, पूररेषा कुठून जाते?"

"गप बस बे," दादा म्हणाले, पण रागावून नाही. "ऐकू दे."

मी बसलो. नदी एवढी रुंद, की तिचा खळखळाट होईल असं वाटलं नव्हतं. पण काठाच्या मुळ्यांमधून पाणी आत शिरत होतं, काही तरी सांगून बाहेर पडत होतं, पुन्हा शिरत होतं. आमच्या मागच्या दाराच्या तिसऱ्या पायरीपाशी असाच आवाज यायचा. तो मला आठवत असल्याचं मला माहीतही नव्हतं. शेजारच्या तंबूत माय सुलभाला कुणाच्या तरी लग्नातली गोष्ट सांगून खदखदून हसत होती. दादांनी डोळे मिटले होते आणि डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. धूर असावा, असं मी म्हणणार होतो, पण चूल कुठेच नव्हती. तेवढ्यात जोसेफ आला आणि मला घेऊन गेला.

माझी खोली मजबूत होती. भिंतीपलीकडे जनरेटर. तो बंद झाला तेव्हा वाटलं, आता लांबून तरी नदी ऐकू येईल. आली ती टाकी! टाकी भरून वाहत होती. आणि रोज वाहायची म्हणूनच माझ्या खिडकीखाली अख्ख्या कॅम्पातलं सर्वांत हिरवं, सर्वांत कोवळं गवत उगवलं होतं. पाणघोडा तापट असेल, पण खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. कुणी जुनं धोतर फाडत बसावं तसा आवाज करत तो उजाडेपर्यंत माझ्या उशाशी चरत होता. नदीकाठच्या तंबूंकडे तो फिरकलाही नाही.

"झोप लागली का रं?" सकाळी मायने विचारलं.

"पडलो होतो."

"मी झोपलते," माय म्हणाली. मग चहाचा कप हातात धरून नदीकडे बघत राहिली. "बोलती रं ही. भाषा कळंना, पन बोलती. आज तू ये माझ्याकडं. खाली अंथरूण टाकू. पाठीचं बघू काय व्हायचं ते."

त्या संध्याकाळी मी चादर काखेत मारून जोसेफची वाट बघत उभा होतो. पाठीचं ढोंग, पुस्तकाचं पान, सगळं मागे टाकून! जोसेफ आला, त्याने पुढच्या वाटेवर बॅटरी मारली आणि शांतपणे माझ्या ओट्यावर बसला. वाटेवर पाणघोडा उभा होता. माझ्याकडे पाठ करून, वडिलोपार्जित रानात उभा असावा तसा.

आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळाने पलीकडे, नदीच्या अंगाला, एक उजेड वरखाली हलला. मायची बॅटरी! घरून आणलेली, पिवळट उजेडाची. मी माझी वर केली. जोसेफने हलकेच माझा हात खाली दाबला. मायचा उजेड बराच वेळ हलत राहिला आणि मग विझला. मध्ये पाणघोडा चरत होता. त्याला घाई नव्हती.

फटफटताच मी धावत काठावर गेलो. सामान होडीत चढलं होतं आणि होडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"ऐकलंस का हिचं शेवटचं बोलनं?" मायने विचारलं.

"ऐकलं," मी म्हणालो. इंजिनाच्या आवाजात तिला माझं उत्तर ऐकू आलं नसावं.

आता दादा गावात सांगतात, की झांबेझीची पूररेषा आपण स्वतः तपासली, काही काळजी नाही. माय संध्याकाळी धरणाकडे तोंड करून बसते, आणि कुणी आलंच तर म्हणते, "तिकडची बोलती." माझ्या जुन्या शाळेने पुढच्या शनिवारी माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय 'झांबेझीच्या काठी दोन रात्री'. फळ्यावर नदी मी काढीन, तोंडपाठ आहे. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं आहेत. टाकीविषयी मला काहीही विचारा.