खालच्या मजल्यावरचे पाच ठोके

किस्सा हा पुरावा नव्हे, हे मी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगत असे. एका माणसाच्या बाबतीत एकदा घडलेल्या गोष्टीवरून काहीही सिद्ध होत नाही. ते वाक्य मी आजही मागे घेणार नाही. अडचण इतकीच, की किस्से सिद्ध होण्याची वाट पाहत बसत नाहीत. ते जुन्या फायलींत, कोटांच्या खिशांत, ग्रोसरीच्या पावत्यांच्या पाठीवर साचत राहतात आणि घर बदलताना एकदम अंगावर पडतात.

मी आता कॅनडाच्या पश्चिम टोकाला, बर्नाबीत एका कॉन्डोत राहते. पायाखाली जाड कार्पेट आहे. खालच्या मजल्यावर कोण राहतं, मला ठाऊक नाही. मॉन्ट्रियलच्या घरात ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

*

दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात मी त्या तिमजली घराच्या मधल्या मजल्यावर राहायला गेले. खाली रामिरो राहत असे. मूळचा कोलंबियाचा, साठीतला, बायको वारलेली. दिवसा तो विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर काम करी आणि घरी आला की साल्साची गाणी रची. हे दुसरं मला माहीत नव्हतं. मला फक्त टकटक ऐकू येई. तीन ठोके, थोडी फट, दोन ठोके. मग पुन्हा तीन, पुन्हा दोन.

आठवडाभर मी सोसलं. मग झाडूचा दांडा घेऊन जमिनीवर तसेच पाच ठोके मारले. हेतू निषेधाचा होता. खाली क्षणभर शांतता झाली, आणि तेच पाच ठोके परत आले, जरा सावकाश. मी पुन्हा मारले. खालून पुन्हा आले, आणखी सावकाश. मंद विद्यार्थ्याला मी ज्या गतीने समजावत असे, त्या गतीने.

मी बूट चढवले आणि बाहेरचा गोल लोखंडी जिना उतरून त्याचं दार वाजवलं. हातात लाकडी चमचा घेऊनच त्याने दार उघडलं. जिन्यात जुळवलेली माझी फ्रेंचमधली तक्रार त्याने शेवटपर्यंत, अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतली.

"मादाम," तो म्हणाला, "तुम्ही दुसरा ठोका लवकर मारता."

*

त्या पाच ठोक्यांना क्लावे म्हणतात. एका आवर्तनात तीन, पुढच्यात दोन. किंवा आधी दोन, मग तीन. एकदा ठरलं की गाणं संपेपर्यंत तो क्रम मोडत नाही. गंमत अशी, की पुष्कळदा ते ठोके कोणी वाजवतही नाही. वादक, गायक, नाचणारे, सगळे ते मनात धरून असतात आणि त्यावर उभे राहतात. आपल्याकडे सम चुकली की मैफलीत जसे चेहरे होतात, तसेच क्लावे उलटली की त्यांच्यात होतात. फक्त आपले लोक मान हलवायचे थांबतात, त्यांचे पाय अडखळतात.

रामिरोला स्वरलिपी येत नव्हती. मी पुण्यात सहा वर्षं व्हायोलिन शिकले होते. वाजवता फारसं आलं नाही, पण लिहिता अचूक येई. तेव्हा असं ठरलं, की रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चमच्याने ठोके देत गाईल आणि मी लिहीन. दोघांचंही फ्रेंच सारखंच मोडकं असल्यामुळे गैरसमजाला फारसा वाव नव्हता. चाल मनासारखी झाली की तो एकच वाक्य म्हणे: "लिहून घ्या, प्रोफेसोरा."

हे वाक्य तो कुठेही म्हणे. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर म्हणे, ग्रोसरीच्या दुकानात केळ्यांपुढे उभा राहून म्हणे. एकदा दाताच्या डॉक्टरकडून फोन करून म्हणाला. त्याचा अर्धा जबडा तेव्हा बधिर होता. मी तेही लिहून घेतलं. ती चाल पुढे निकामी निघाली, पण तो दोष भुलीच्या इंजेक्शनचा होता.

*

बर्फ पडलं की आमच्या दारापुढचा भाग रामिरो शोव्हल करी. एका सकाळी शेजारच्या बाईंनी मला विचारलं, की तुमच्या पायवाटेच्या एका बाजूला ढीग उंच आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणा असा का असतो? मी खिडकीतून निरीक्षण केलं. तीन फावडी उजवीकडे, दोन डावीकडे. तीन उजवीकडे, दोन डावीकडे.

मी ढीग मोजले नाहीत. पण प्रमाणाबद्दल मला शंका नव्हती.

*

रामिरोला मुलगी होती, मारिसोल. ती औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती आणि दर रविवारी सूपचा डबा घेऊन येई. तो स्पॅनिशमध्ये बोले, ती फ्रेंचमध्ये उत्तर देई. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या मराठी मंडळातल्या प्रत्येक घरात हेच चालू होतं, भाषांची जोडी तेवढी वेगळी. नवल याचं, की एक छोटा बँड अधूनमधून हॉल घेऊन वडिलांच्या गाण्यांचे कार्यक्रम करी, त्यांतल्या एकालाही ती आलेली नव्हती.

एकदा जिन्याशी मी तिला सरळच विचारलं.

"प्रोफेसोरा, शाळेची बारा वर्षं मी त्या टकटकीवर होमवर्क केलाय," ती म्हणाली. "आई हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हाही वडील टेबलावर ठोकतच होते. आता तिकीट काढून ऐकू?"

तिने यायला हवं, हे मी तिला पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही. मला स्वतःलाच पटलेलं नव्हतं.

पण त्याच महिन्यात रामिरोने आपला कानाचा रिपोर्ट वाचून दाखवायला माझ्याकडे आणला. कारखान्यातल्या यंत्रांनी उजवा कान केव्हाच खाल्ला होता. आता डावा चालला होता. "किती वर्षं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, की यात तसं लिहिलेलं नाही. त्याने कागदाची नीट घडी घातली.

"मला ऐकू येतंय तोवर तिने एकदा यावं," तो म्हणाला. "एवढंच."

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर त्याचा तपकिरी कोट दिसू लागला. ती जागा राखीव होती.

*

त्या कोटावरून एक प्रसंग घडला. आमच्या मंडळातले देवधरकाका हे हृदयरोगांचे निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षं कॅनडात काढूनही त्यांच्या इंग्रजीतला सांगली जिल्हा ढळला नव्हता. मी आग्रहाने त्यांना कार्यक्रमाला बोलावलं. काका वेळेच्या आधी आले, पहिल्या रांगेत बसले आणि मध्यंतरात माझ्यापाशी येऊन समाधानाने म्हणाले, "अगं, कोणीतरी खुर्चीत कोट विसरून गेलं होतं. चांगला लोकरीचा कोट. मी तो कोट-चेकमध्ये जमा केला, माझ्याच कोटाच्या टोकनवर. हरवायला नको बिचाऱ्याचा."

कार्यक्रम संपला. काकांनी टोकन दिलं, दोन कोट हातात आले, आणि सवयीने दोन्ही घेऊन ते घरी गेले. रामिरो उणे अठरा तापमानात ढोलवाल्याचं ब्लँकेट पांघरून परतला.

दुसऱ्या दिवशी काका ओशाळून कोट द्यायला आले. मी त्यांना त्या खुर्चीचं कारण सांगितलं. त्यांची दोन्ही मुलं टोरांटोकडे असतात.

"पुढल्या वेळी," ते म्हणाले, "मी मागे बसेन. आणि त्या खुर्चीवर कोणी बसू लागलं तर उठवेन."

आणि खरोखरच उठवत. एकदा तर त्यांनी पाद्रीबाबांना उठवलं. हॉल चर्चचा होता.

*

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

रामिरोने आमच्या गोल जिन्यावर एक गाणं रचलं. मारिसोल लहान असताना ते मधल्या मजल्यावर, म्हणजे माझ्याच घरात राहत. ती शाळेला निघाली की पायऱ्या मोठ्याने मोजत उतरे आणि तो वर दारात उभा असे. गाणं त्यावरच होतं. लिहिताना माझ्या लक्षात आलं, की पहिलं कडवं आठ आवर्तनांचं असायला हवं, ते नऊ भरतंय. नवव्यात शब्द नव्हते, नुसती रिकामी जागा होती. त्याची मोजण्यात चूक झाली असणार, असं मी गृहीत धरलं आणि ते आवर्तन गाळलं. त्याला विचारलं नाही. अचूकतेसाठी परवानगी लागते, असं मला तेव्हा वाटत नसे.

तालमीत कडवं संपून कोरस सुरू झाला आणि सगळं कोसळलं. ढोलवाल्याने हात मांडीवर ठेवले. पियानोवाला छताकडे पाहू लागला. आमची गायिका योलांदा, व्हेनेझुएलाची, जिभेने तिखट, तिने कागद उचलून उजेडात धरला. "हे कोणी वजा केलं?"

रामिरो माझ्याजवळ आला. "नववं कुठे गेलं?"

"ते जास्तीचं होतं."

"जास्तीचं नव्हतं." तो मुळीच रागावला नव्हता. त्याने खुर्चीच्या पाठीवर ठोके देत मला दाखवलं: ते एक आवर्तन असलं, की कोरस क्लावेच्या दुसऱ्या बाजूने उचलला जातो, नसलं, की चुकीच्या बाजूला आपटतो. मग म्हणाला, "आणि तिथे ती जिन्यात थांबायची. मी अजून दारात आहे ना, हे वळून बघायची. तेवढा वेळ नको का द्यायला?"

मी ते आवर्तन शाईने लिहिलं.

*

साल्सात कोरसच्या मधल्या जागेत गायिकेने आयत्या वेळी ओळी जोडायच्या असतात. योलांदाने त्या प्रसंगानंतर प्रत्येक कार्यक्रमात एक ओळ माझ्यासाठी राखून ठेवली: वरच्या मजल्यावरच्या बाई मोजतात फार, नाचत मात्र नाहीत. मी पियानोशेजारी पानं उलटायला बसलेली असे. लोक वळून माझ्याकडे बघत. मी पान उलटत असे.

*

तिसऱ्या वर्षीच्या वसंतातला तो रविवार. तोवर रामिरोच्या डाव्या कानाचंही बरंचसं गेलं होतं. कान जवळ नेऊन मोठ्याने बोललं तरच कळे. तो स्टेजच्या कडेला, माझ्या मागे उभा होता. कोट खुर्चीवर होता. मागे देवधरकाका पहाऱ्यावर होते.

जिन्याचं गाणं सुरू झालं आणि हॉलचं दार उघडलं. मारिसोल होती. काका अर्धवट उठले, पण तिने खुर्चीवरचा कोट ओळखीने उचलून मांडीवर घेतलेला पाहून पुन्हा खाली बसले. तिने स्वतःचा कोट काढला नाही.

तिला योलांदानेही पाहिलं. इतकी वर्षं त्या खुर्चीपुढे गाणारी ती बाई, तिचा श्वासच चुकला. नववं आवर्तन तिने गाळलं आणि थेट कोरसवर आली. नेमकी माझीच चूक. अर्धे वादक तिच्यामागे गेले, अर्धे माझ्या कागदामागे. काहीतरी बिघडलंय हे कळून प्रेक्षक मदतीला म्हणून टाळ्या वाजवू लागले, ज्याला जशा येतील तशा. मी वळून पाहिलं. रामिरोला फुटलेला ताल ऐकू येत नव्हता. तो फक्त आमचे चेहरे पाहत होता, एकामागून एक.

आणि पहिल्या रांगेतून ठोके आले. लाकडी खुर्चीच्या हातावर, घराच्या किल्लीने. तीन. दोन. मारिसोल कपाळाला आठ्या घालून, समोर न बघता ठोकत होती. तीन. दोन. जिथे असायला हवेत, बरोबर तिथे. ढोलवाल्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं आणि तो ताल धरला. मग पियानो आला. योलांदाने ओठ मिटले, एक आवर्तन रिकामं जाऊ दिलं आणि दुसऱ्या बाजूने कोरस उचलला. सगळे जागेवर आले.

रामिरो आता चेहरे बघत नव्हता. त्या किल्लीकडे बघत होता.

गाणं संपल्यावर मारिसोल स्टेजपाशी आली. त्याने वाकून डावा कान पुढे केला आणि विचारलं, कसं वाटलं?

तिने हातातला कोट त्याच्या खांद्यावर टाकला. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, मी तिच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या स्पॅनिशमध्ये ती म्हणाली, "पापा, हे सगळे लोक दुसरा ठोका लवकर मारतात."

रामिरो माझ्याकडे वळला.

"लिहून घ्या, प्रोफेसोरा."