गुणगुण

चष्मेवाल्याची एक खोड होती. गिऱ्हाइकाला एकदम बरं दिसू द्यायचं नाही. भिंग बदलायचं आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" चार भिंगांनंतर धडधाकट माणसालाही आपण आंधळे असल्याची खात्री पटते. दुकान त्यावर चाललं होतं.

मग हाच प्रयोग त्याने घरच्या गाण्यांच्या तबकड्यांवर सुरू केला. आधी नवराबायको संध्याकाळी एका जुन्या खोक्यावर गाणी ऐकत. ती भाजी निवडताना गुणगुणे. सूर जरा खालीच लागे, पण मनापासून. पुढे खोकं माळ्यावर गेलं. नवे स्पीकर आले, बोटाएवढ्या जाड वायरी आल्या.

"हे बरं की मघाचं?"

"अहो, गाणं ऐकू द्या की! मघापासून त्याचा कान धरून उभे आहात."

"तू गुणगुणतेस, त्यात बारकावे बुडतात."

"बरं बाई, राहिलं," म्हणत तिने ओठ मिटले.

नवी सुई बसवल्यावर त्याला गायिकेच्या मागे आणखी एक बाई ऐकू आली. फार पुसट.

"गप्प बस म्हटलं ना!"

त्याने वळून पाहिलं, तर खोली रिकामी. बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

वायर बदलली, तशी ती बाई जवळ आली. स्पीकर वीतभर पुढे ओढल्यावर सूर ओळखू आला. जरा खाली लागलेला, मनापासूनचा. तबकडी तर बायकोच्या जन्माआधीची. इकडे बायकोचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला होता. पण बारकावे ऐकणाऱ्याला एवढी ढोबळ गोष्ट कुठून ऐकू येणार?

एके दिवशी तिचे नुसतेच ओठ हलताना दिसले, तेव्हा त्याने तिला हाताला धरून समोर बसवलं. "चुकलं माझं. गुणगुण ना गं."

तिने तोंड उघडलं. गळ्याची शीर हलली. आवाज स्पीकरमधून आला.

तो बटणाकडे झेपावला. तिने मनगट पकडलं आणि जोरजोरात मान हलवली. बंद केल्यावर आवाज तिच्याकडे येईल की कायमचा जाईल, कोण सांगणार?

तेव्हापासून त्या घरात तबकडी फिरतेच आहे. बाजू संपली की तो धडपडत सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवतो. तेवढ्या क्षणात ती गळा धरून बसते. दुकानाला कुलूप आहे.

शेजारी जिन्यात थांबून दाद देतात. "काय मशीन आहे हो तुमचं! वहिनीच आत बसून गातायत असं वाटतं."