विरजणाची डबी

सामान बघायला मूव्हर्सचा माणूस आला, तेव्हा तो खोल्या बघतच नव्हता, क्युबिक मीटर बघत होता. सोफा, पलंग, गॅरेजमधली ती व्यायामाची सायकल, जिच्यावर आम्ही फक्त टॉवेल वाळत घातले. सगळ्यावरून एक नजर फिरवायचा आणि टॅबलेटवर टिपून घ्यायचा. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या त्या घरात आमचा आख्खा संसार उभा राहिला होता. तो अर्ध्या ट्रकमध्ये मावेल, असं त्याने मला हसत हसत सांगितलं. चांगली बातमी होती, पण मला रागच आला. जाता जाता त्याने विचारलं, जिवंत काही आहे का? वेस्टर्न ऑस्ट्रेलियात झाडं, माती, बिया, मध काही नेता येत नाही, हद्दीवर तपासणी असते. मी म्हटलं, जिवंत म्हणजे आम्हीच काय ते.

आम्ही कालगूर्लीला निघालो होतो. सोन्याच्या खाणींचं गाव, चहूकडे लाल माती, आणि त्या मातीत रोज नवी घरं उगवतायत. नवऱ्याला खाणीत इंजिनिअरची मनासारखी नोकरी मिळाली होती. माझ्या पॅरामॅटाच्या ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली. मुलीने फक्त नव्या घराला स्विमिंग पूल आहे का एवढंच विचारलं. प्रश्न होता तो बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

सासूबाई गेल्यापासून बाबा आमच्या घरात पाहुण्यासारखे राहायला लागले होते. ते म्हणाले, तुम्ही जा वाळवंटात, मला पुण्याचं तिकीट काढून द्या. पुण्याचा फ्लॅट बंद होता आणि तिथे त्यांचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याने गयावया केल्यावर एवढंच ठरलं, की थोडे दिवस येऊन बघायचं, नाही करमलं तर पुणे. त्यांनी हो म्हटलं, पण डॉक्टरला हो म्हणतात तसं. स्वतःची खोकी वेगळी ठेवायला लावली आणि मला बजावलं की तिकडे पोचल्यावर ती उघडायची नाहीत.

मला बाबा हवे होते. त्यात माझा स्वार्थ होता, तो कशाला लपवू? मी मीटिंगमध्ये अडकले की दारातून डोकावून, जेवलीस का, हे हाताने विचारणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

आता विरजणाचं सांगायला हवं. सासूबाई पहिल्यांदा सिडनीला आल्या तेव्हा विमानतळावरून दही आणता येत नाही म्हणून फार हळहळल्या होत्या. दुकानातल्या डब्यातल्या दह्याला त्या दही म्हणायलाच तयार नव्हत्या. मग त्यांनी कोमट दुधात मिरच्यांची देठं टाकली. आम्हाला वाटलं, प्रवासाने यांचं डोकं फिरलं. पण त्यातून दही झालं, आणि तेव्हापासून ते तुटलं नाही. रोज जेवणं झाली की दोन चमचे दही घट्ट झाकणाच्या एका छोट्या स्टीलच्या डबीत बाजूला निघायचं, आणि त्यावर दुसऱ्या दिवशीचं लागायचं. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बाबांचं जेवण दहीभाताशिवाय संपत नसे. एकदा भात कालवता कालवता ते म्हणाले होते, "हे अजून तिचंच आहे." त्यानंतर मी एकही दिवस विरजण काढायला विसरले नाही.

मूव्हर्सनी बजावलं होतं, फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करून ठेवा, नाहीतर तापलेल्या ट्रकमध्ये आत बुरशी धरेल. हे काम नवऱ्याने अंगावर घेतलं. मी त्याला सांगितलं होतं, डबी तेवढी माझ्या हातातल्या पिशवीत जाणार. त्याने मान हलवली. तो मान हलवतो तेव्हा ऐकतोच असं नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

नवीन घरात शिरल्यावर पहिलं काम दूध उतू जाऊ देण्याचं. ट्रक अजून वाटेत होता, घरात बसायला कॅम्पिंगच्या खुर्च्या आणि मालकाने ठेवलेलं एक पातेलं. दूध काचेच्या शेगडीवर उतू गेलं, करपलं, आणि भाड्याच्या घराच्या इन्स्पेक्शनच्या काळजीने नवरा फडकं घेऊन धावला. बाबा पहिल्यांदाच जरा हसले. म्हणाले, "उरलेल्याला विरजण लाव."

मी पिशवी उघडली. डबी नव्हती. मी नवऱ्याकडे बघितलं. फडकं त्याच्या हातातच राहिलं.

"मी ती धुतली," तो म्हणाला. "घासून, पुसून, चमच्यांच्या खोक्यात पॅक केली."

मी त्याच्यावर ओरडणार होते, शब्द जिभेवर आले होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि राहिलं. त्याचीही ती आई होती. मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट योगर्ट. वी कॅन बाय सम." बाबा म्हणाले, हो बाळा, आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले. तिथे कुंपणापलीकडे लाल जमीन आणि थोडी खुरटी झुडपं होती. आपले बाबा पुण्याला चालले, हे मला तिथेच कळून चुकलं.

सिडनीच्या शेजारणीला फोन केला. सासूबाई तिला कितीदा विरजण द्यायच्या. ती बिचारी ओशाळली, तिचं कधीच नासलं होतं, ती आता दुकानातलं आणते.

दुसऱ्या दिवशी मी कामाचा कॉल संपवून बाहेर आले तर बाबा ओट्याशी उभे. ज्या माणसाने जन्मात चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो करंगळी बुडवून दूध कोमट आहे का बघत होता. शेजारी सुपरमार्केटातल्या हिरव्या मिरच्या. देठं खुडून त्यांनी दुधात टाकली, नीट बुडवली आणि म्हणाले, "ती करायची तेव्हा मी पेपर वाचायचो. पण लक्ष असायचं माझं."

पहिलं लागलंच नाही. मुलीने एसी इतका थंड केला होता की दूध जसंच्या तसं राहिलं. मग बाबांनी पातेलं गॅरेजमध्ये नेलं. सिडनीच्या थंडीत सासूबाई दह्याला शालीत गुंडाळायच्या, इथे उन्हाने तापलेलं गॅरेज आयतंच होतं. संध्याकाळी बघितलं तर पातळ, तार सुटलेलं असं काहीतरी झालेलं. मी टाकायला निघाले तर त्यांनी हात धरला. हे खायचं नसतं, म्हणाले, हे नुसतं विरजण. याच्यावर लागेल ते खरं.

ते लागत होतं त्याच दिवशी ट्रक आला. खोकी घरभर पसरली. चमच्यांचं खोकं मी सगळ्यात आधी फोडलं. डबी होती, लख्ख. नवऱ्याने इतकी घासली होती की मला तिचाच राग आला.

जेवायला बसलो. दही घट्ट लागलं होतं, वर सायीचा पापुद्रा. बाबांनी भातावर घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला. नवऱ्याने जेवण थांबवलं होतं. मीही.

"आंबट आहे जरा," बाबा म्हणाले. आणखी एक घास खाऊन म्हणाले, "तिच्यासारखं नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. इतकी धडपड केली बाबांनी, आणि एवढ्यासाठी का? माझ्या मनात पुण्याच्या विमानाचे विचार सुरू झाले होते. आणि बाबा मात्र पानातला भात निपटून खात होते. बोटंसुद्धा चाटली. मग म्हणाले, "डबी सापडली का?"

मी आणून दिली. त्यांनी ती उन्हात धरून बघितल्यासारखी दिव्याखाली फिरवून बघितली, आणि पातेल्यातलं दोन चमचे दही मोजक्या हाताने आत ठेवलं. झाकण दाबून बसवलं. मग ती माझ्याकडे न देता मुलापुढे धरली.

"ही फ्रीजमध्ये ठेव," ते म्हणाले. "आणि पुन्हा कधी घर बदललंत, तर ही माझ्या हातात द्यायची. मी नेईन."

नवरा डबी घेऊन फ्रीजपाशी गेला आणि तिथेच, दार उघडं टाकून, बराच वेळ उभा राहिला. फ्रीज पीं पीं करायला लागला. एरवी मी त्याला बोलले असते. बाबा तोवर हात धुऊन आले आणि त्यांच्या खोक्यांकडे बोट दाखवत मला म्हणाले, "कात्री कुठे ठेवली आहेस?"