डॉक्टरांच्या बिऱ्हाडाची सभा

वेल्ह्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते. माहेर भोरचं. एसटीतून उतरले तेव्हा गाव दिसतच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं, आणि त्यातून कुठूनशा गुरांच्या घंटा. अजूनही वेल्हं आठवलं की आधी त्या घंटाच ऐकू येतात. घरं, माणसं मागून सावकाश दिसायला लागतात.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधं आणि डॉक्टरांचं टेबल, दुसरीत बाळंतपणं. राहायला जागा नसल्यामुळे डॉक्टर टिकत नसत. त्या वर्षी आलेले डॉक्टर तरुण होते, अबोल. ते औषधांच्या खोलीतच बाकावर झोपत.

मग जिल्ह्याहून एक साहेब आले आणि त्यांनी शाळेच्या पडवीत लोकांना बोलावलं. त्यांनी सरळच सांगितलं. बाळंतपणाची खोली डॉक्टरांना राहायला द्यायची आणि बायकांनी बाळंतपणाला भोरला जायचं. नाहीतर डॉक्टरच भोरला जातील, इथं नुसती नर्स राहील. काय ते गावकऱ्यांनी ठरवावं.

पावसाळा सरत आला होता. खाचरांतल्या भाताचा गोडसर वास पडवीत भरून राहिला होता. गुंजवण्याकडून बायका चालत आल्या होत्या आणि ओले पदर पिळून भिंतीशी बसल्या होत्या. बाजारातल्या दुकानदारांना डॉक्टर हवे होते. बायकांना खोली हवी होती, पण बोलत पुरुषच होते. पाण्याखालून ऐकावं तसं मला ते बोलणं लांबून ऐकू येत होतं. त्या खोलीत जन्मलेल्या पोरांची मिटल्या डोळ्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून जात होती.

तेवढ्यात दाराजवळ एक बाई उभी राहिली. बौद्ध वस्तीतली. तिच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. पुण्याला कामाला असलेल्या तिच्या लेकानं घराला पुढं एक नवी खोली काढली होती.

"सायेब," ती म्हणाली, "आमची म्होरली खोली रिकामी हाय. डाक्टरांनी तितं ऱ्हावं. बाळंतिणीची खोली तेवढी ऱ्हाऊ द्या."

मग एक दुकानदार खाली बघत म्हणाला की, अवेळी डॉक्टरांना बोलवायचं झालं तर आमच्या माणसांनी वस्तीत कसं जायचं? साहेबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी त्या बाईला विचारलं, "सकाळी चहा मिळेल ना?"

"मिळंल की. पर गुळाचा."

"मग आजच येतो."

साहेबांनी हात वर करायला सांगितले. आधी गुंजवण्याच्या एका म्हातारीचा हात वर गेला, मग भिंतीलगत बांगड्या वाजत गेल्या. पुरुषांतलेही बरेच हात वर झाले. दुकानदाराचा झाला नाही. खोली राहिली, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांची ट्रंक वस्तीत गेली.

बाजारातली काही माणसं पुढं बरेच दिवस दवाखान्याकडं फिरकली नाहीत. थंडीत त्याच दुकानदाराची मुलगी अडली. मूल आडवं होतं. पहाटे तो स्वतः वस्तीत गेला. डॉक्टर तयार होईस्तोवर त्या घराच्या ओट्यावर बसून होता, असं मला मागाहून कळलं. मी तेव्हा दवाखान्यात त्याच्या मुलीचा हात धरून होते.

उजाडता उजाडता नात झाली. डॉक्टर घाईत आपली पिशवी विसरले होते. ती घेऊन घरमालकीणबाई मागोमाग आली होती आणि केव्हाची बाहेर थांबली होती. खोलीत ऊब होती, शेगडीचा धूर खिडकीतून निवांत बाहेर चालला होता. दुकानदाराच्या बायकोनं दुपटं सारखं केलं आणि दाराकडं पाहिलं.

"बाहेर का उभ्या?" ती म्हणाली. "या की आत. बघा."